स्टुडबेकर मोटारगाड्या

स्टुडबेकर मोटारगाड्या : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील स्टुडबेकर या कंपनीने १९०२ ते १९६६ या काळात बाजारात आणलेल्या मोटारगाड्या. त्यांची निर्मिती थांबून अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. तरीही त्या बाळगणाऱ्या, चालू स्थितीत राखणाऱ्या आणि त्यांचा इतिहास जपणाऱ्या हौशी लोकांचा मोठा वर्ग अमेरिका व कॅनडा या देशांत असून इतरत्रही तो विखुरलेला आहे. ज्या गाड्यांचा निर्माता उरलेला नाही, अशा गाड्यांना अमेरिकेत ‘अनाथ गाड्या’ म्हणण्याचा प्रघात आहे. नॅश, हडसन, पॅकार्ड, डीसोटो, प्लिमथ, ओल्ड्समोबिल, पाँटिॲक अशी या अनाथांची यादी बरीच लांब आहे. मात्र त्यांतील प्लिमथ (२००१ पर्यंत), ओल्ड्समोबिल (२००४ पर्यंत) किंवा पाँटिॲक (२०१० पर्यंत) यांच्या बाबतीत केवळ नाव बंद झाले. त्यांची निर्मिती करणारी मूळ मोठी कंपनी व तिचे वितरक पुढेही चालू राहिले. स्टुडबेकरचा मोटारधंदाच संपला. त्यामुळे सुटे भाग पुरविणे, दुरुस्तीचे ज्ञान राखणे व नोंदी सांभाळणे ही एरवी कारखानदाराकडे असणारी कामे येथे गाडीमालकांनी व त्यांच्या आधाराने जगणाऱ्या छोट्या व्यावसायिकांनी अंगावर घेतली. स्टुडबेकरविषयीच्या जिव्हाळ्याचे वेगळेपण या गोष्टीत आहे.

पूर्वेतिहास : हेन्री व क्लेमंट स्टुडबेकर या भावांनी १८५२ मध्ये इंडियाना राज्यातील साउथ बेंड या गावी अवघ्या ६८ डॉलर भांडवलावर लोहारकाम व गाड्या बांधण्याचे दुकान काढले. त्यांचा भाऊ जॉन मोलर हा सोन्याच्या शोधार्थ कॅलिफोर्नियात गेला होता. प्लॅसरव्हिल येथे त्याने सोने खणण्याऐवजी खाणकामगारांना लागणाऱ्या एकचाकी हातगाड्या तयार करून विकल्या आणि १८५८ मध्ये सु. ८,००० डॉलर गाठीशी बांधून तो परतला. हा पैसा धंद्यात आला व हेन्री त्यातून बाहेर पडला. पुढे पीटर व जेकब हे भाऊही धंद्यात सामील झाले. यादवी युद्धात केंद्रीय सेनेला पुरविलेल्या मालगाड्या आणि त्यानंतर पश्चिमेकडे स्थलांतर करणाऱ्या शेतकऱ्यांची मागणी यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातील घोडागाड्यांच्या सर्वांत मोठ्या कारखानदारांत या घराण्याची गणना होऊ लागली. घोडागाडीच्या धंद्यातून मोटारीच्या धंद्यात येऊन दीर्घकाळ टिकलेली अमेरिकेतील ही एकमेव मोठी कंपनी होय. तिचे चाहते १८५२ हे वर्ष अगत्याने सांगतात, ते याच कारणाने.

कंपनीने १९०२ मध्ये विजेवर चालणाऱ्या व १९०४ मध्ये पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या विकण्यास प्रारंभ केला. घोडागाड्यांची निर्मिती १९२० मध्ये थांबविण्यात आली. अध्यक्ष अल्बर्ट अर्स्किन याने महामंदीच्या आरंभी, मंदी लवकरच ओसरेल या भरवशावर, गंगाजळीतून लाभांश वाटणे चालू ठेवले. परिणामी मार्च १९३३ मध्ये कंपनी नादारीत गेली व त्याच वर्षी जुलैमध्ये अर्स्किनने आत्महत्या केली. पॉल हॉफमन व हॅरल्ड व्हान्स या दोघांनी तिला पुन्हा उभे केले. १९३९ मध्ये आलेली ‘चँपियन’ ही हलकी, कमी पेट्रोल खाणारी गाडी चांगली खपली आणि कंपनी सावरली. दुसऱ्या महायुद्धात कंपनीने सु. दोन लाख लष्करी मालट्रक तयार केले. त्यांपैकी बहुसंख्य सोव्हिएट रशियाला देण्यात आले व तेथे अग्निबाण सोडणाऱ्या कात्यूशा या शस्त्राची यंत्रणाही त्यांवर चढविण्यात आली.

आकारकल्प : स्टुडबेकरच्या आकर्षणाचे पहिले कारण म्हणून तिच्या गाड्यांच्या रूपाचा उल्लेख करावा लागतो. जनरल मोटर्स, फोर्ड व क्रायस्लर या तीन मोठ्या कंपन्यांशी किमतीत वा वितरकांच्या संख्येत बरोबरी करणे या मध्यम कंपनीला शक्य नव्हते. म्हणून तिने रूपावर भर दिला. रेमंड लोई या फ्रान्समध्ये जन्मलेल्या नामवंत औद्योगिक आकारकल्पकाची संस्था १९३० नंतरच्या दशकापासून तिच्यासाठी काम करीत होती. युद्ध संपल्यावर इतर कंपन्यांनी १९४२ सालच्याच गाड्या किरकोळ फेरफार करून विकल्या. स्टुडबेकरने मात्र १९४६ मध्येच, १९४७ साठीचे म्हणून, संपूर्ण नवे प्रतिमान आणले. त्यातील ‘स्टारलाइट’ या दोन दरवाजांच्या गाडीची मागील काच एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत वळलेली व चार तुकड्यांची होती. ही गाडी येत आहे की जात आहे हे कळत नाही, असा विनोद त्या काळी रूढ झाला. कंपनीला त्याने तोटा न होता प्रसिद्धीच मिळाली. १९५० मध्ये गाडीच्या पुढील भागी विमानाच्या नाकाडासारखा टोकदार गोल बसविण्यात आला. ‘बंदुकीच्या गोळीच्या नाकाची’ म्हणून ओळखली जाणारी ही गाडी काहींना हास्यास्पद वाटली, तरी कंपनीचा उच्चांकी खप त्याच वर्षाचा आहे. त्या प्रतिमानाच्या सु. ३,२०,००० गाड्या तयार झाल्या.

या आकारकल्पांचे श्रेय कोणाचे, हा चाहत्यांच्या वर्तुळातील जुना वाद आहे. जाहिरातींत नाव लोई याचे असे. परंतु १९४७ च्या गाडीचा आराखडा बव्हंशी व्हर्जिल एक्सनर याने, कंपनीच्या अभियांत्रिकी विभागाच्या प्रोत्साहनाने, लोईच्या संस्थेपासून लपवून घरी तयार केला होता. १९५३ ची गाडी त्याच संस्थेतील रॉबर्ट बर्क याच्या हातची आहे. लोईचा वाटा तरुण आकारकल्पक निवडणे, त्यांच्या कामाला दिशा देणे आणि ते काम कंपनीच्या धोरणी संचालकांच्या गळी उतरविणे हा होता. हा वाटा लहान नव्हे, पण तो रेखाटणाऱ्याचा वाटाही नव्हे.

१९५३ ची ‘स्टारलायनर’ व तिची भगिनी गाडी ही अमेरिकन मोटारीच्या आकारकल्पातील उत्तम कृतींपैकी समजली जाते. तत्कालीन अमेरिकन गाड्या उंच, फुगीर व क्रोमियमाच्या पट्ट्यांनी मढविलेल्या असत. ही मात्र बुटकी, निमुळती, जवळजवळ अलंकारहीन होती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने त्याच वर्षी दहा मोटारींचे जे प्रदर्शन भरविले, त्यात तिचा समावेश होता. पण या सुंदर गाडीनेच कंपनीच्या उतरणीला हातभार लावला, असे इतिहासकार दाखवून देतात. चार दरवाजांच्या कुटुंबोपयोगी गाड्याच अधिक खपतील, अशा अंदाजाने कारखान्याने तयारी केली होती. गिऱ्हाइकांनी मागणी केली ती दोन दरवाजांच्या गाडीची. शिवाय तिचा सांगाडा इतका लवचिक निघाला की, जड एंजिन बसविताच तो वाके आणि पुढच्या भागाचे पत्रे एकमेकांशी जुळत नसत. हा दोष दूर होईपर्यंत हंगाम निघून गेला. त्याच सुमारास फोर्ड व जनरल मोटर्स यांच्यात किमती उतरविण्याची चढाओढ लागली आणि तिच्या माऱ्यात लहान कंपन्या सापडल्या.

ऱ्हास : १९५४ मध्ये पॅकार्ड या प्रतिष्ठित पण दुबळ्या झालेल्या कंपनीने स्टुडबेकर विकत घेतली. दोन आजाऱ्यांच्या या संयोगातून निरोगी कंपनी निपजली नाही. डिट्रॉइटमधील पॅकार्डची निर्मिती १९५६ मध्ये थांबली व १९५८ मध्ये ते नावही मोटारींवरून नाहीसे झाले. १९५९ च्या ‘लार्क’ या आटोपशीर गाडीने काही काळ नफा मिळवून दिला. परंतु मोठ्या तिन्ही कंपन्यांनी तशाच लहान गाड्या काढताच तिचा खप ओसरला. १९६१ मध्ये आलेला अध्यक्ष शेरवुड एग्बर्ट याने लोईला पुन्हा पाचारण केले. लोई व त्याच्या तीन साहाय्यकांनी कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज येथील एका भाड्याच्या घरात काही आठवड्यांत ‘अवांती’ या गाडीचे रूप सिद्ध केले. पुढे जाळी नसलेला तोंडवळा, मध्ये चिंचोळी होत जाणारी काया आणि काचतंतुप्रबलित प्लॅस्टिकचे आवरण ही तिची वैशिष्ट्ये होत. तबकडी ब्रेक पुढील चाकांना मूळचेच बसविलेले होते आणि हवा दाबून भरणारा अधिभारक हवा असल्यास मिळत असे. १९६२ मध्ये बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर तिने वेगाचे अनेक राष्ट्रीय विक्रम मोडले. मात्र प्लॅस्टिकचे भाग नीट जुळेनात, गाड्या वेळेवर मिळेनात आणि दीड वर्षांत पाच हजारांहूनही कमी गाड्या बाहेर पडल्या.

साउथ बेंडचा कारखाना बंद होत असल्याची घोषणा ९ डिसेंबर १९६३ रोजी झाली व नाताळापूर्वीच, २० डिसेंबरला, तेथील शेवटची मोटार बाहेर पडली. सु. सात हजार कामगार बेकार झाले. याहूनही मोठा आघात निवृत्तिवेतनाचा होता. त्यासाठीचा निधी पुरेसा नसल्याने साठ वर्षे पूर्ण झालेल्यांना व आधीच निवृत्त झालेल्यांना पूर्ण हक्क मिळाला. चाळीस ते साठ या वयाच्या सु. चार हजार कामगारांना त्यांच्या हक्काच्या सु. १५ टक्के एवढीच एकरकमी रक्कम मिळाली आणि त्याहून तरुण असलेल्यांना काहीच नाही. या प्रकरणाचे पडसाद काँग्रेसमध्ये वर्षानुवर्षे उमटत राहिले. खाजगी उद्योगांतील निवृत्तिवेतनाला संरक्षण देणारा १९७४ चा अमेरिकन कायदा होण्यास जी कारणे झाली, त्यांत स्टुडबेकरचे उदाहरण प्रमुख मानतात. कॅनडातील हॅमिल्टन येथील छोट्या कारखान्यात गाड्या तयार होत राहिल्या. मार्च १९६६ मध्ये त्याही थांबल्या. स्टुडबेकरविषयीच्या आत्मीयतेचा विचार करताना ही दुसरी बाजू दृष्टिआड करता येत नाही. गाडीचा मालक तिच्याकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने तिच्याकडे पाहणे वीस वर्षे यंत्रावर राबून हाती थोडकी रक्कम घेऊन घरी गेलेल्या कामगाराला शक्य नव्हते.

चाहत्यांच्या संघटना व सुटे भाग : ‘स्टुडबेकर ड्रायव्हर्स क्लब’ ही प्रमुख संघटना १९६२ मध्ये, म्हणजे कंपनी चालू असतानाच, स्थापन झाली. चालत्या मालाच्या गिऱ्हाइकांचे मंडळ म्हणून निघालेली ही संस्था दोन-चार वर्षांत वारसदारांची संस्था बनली. तिच्या शाखा अमेरिकेत व अमेरिकेबाहेरही आहेत. ‘टर्निंग व्हील्स’ हे तिचे नियतकालिक असून दरवर्षी वेगवेगळ्या शहरी आंतरराष्ट्रीय मेळावा भरतो. महायुद्धापूर्वीच्या गाड्यांसाठी वेगळी संघटना आहे आणि अवांतीच्या मालकांनी १९६५ मध्ये आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली. साउथ बेंड येथे भरणारा सुट्या भागांचा बाजार हे अनेकांचे तीर्थस्थान होय. तेथे एखादे घड्याळ, दरवाजाची मूठ, बाजूच्या दिव्याची काच अशा वस्तूंसाठी लोक शेकडो किलोमीटर प्रवास करून येतात व ज्याच्यासाठी आले ते सोडून दुसरेच काही घेऊन परततात.

बंद पडलेल्या कंपनीच्या गाडीला भाग मिळणे अशक्यप्राय असेल, अशी समजूत साहजिक आहे. स्टुडबेकरच्या बाबतीत वस्तुस्थिती बरीच उलट आहे. तिची दोन कारणे सांगता येतात. कारखाना अकस्मात बंद झाला तेव्हा न वापरलेल्या सुट्या भागांचा प्रचंड साठा वखारींत शिल्लक होता. तो भंगारात न जाता विक्रेत्यांच्या हाती गेला व दशकानुदशके पुरला. जो भाग संपला, त्याची नक्कल करून देणारे छोटे कारखानदारही पुढे आले. दुसरे कारण अधिक रंजक आहे. नवी प्रतिमाने तयार करण्यास लागणारा पैसा कंपनीपाशी नसल्यामुळे १९५३ मध्ये काढलेल्या गाडीचे साचे व यंत्रभाग तिने अखेरपर्यंत, वरून रूप पालटून, वापरले. १९५६ ची ‘हॉक’ ही १९५३ च्या दोनदारी गाडीचेच रूपांतर होती. ब्रुक्स स्टीव्हन्स याने अल्प खर्चात नटविलेली १९६२ ची ‘ग्रॅन टुरिझ्मो हॉक’ हीही त्याच सांगाड्यावरील होय. ‘लार्क’च्या छोट्या कायेखाली जुन्या मोठ्या गाडीचाच मधला भाग होता आणि १९६० च्या ‘चँप’ या छोट्या मालट्रकाला पुढचा अर्धा भाग लार्कचा होता. कंपनीच्या दारिद्र्याचा हा पुरावा संग्राहकाच्या मात्र पथ्यावर पडला. एका वर्षाच्या गाडीचे ब्रेक, आस, दंतचक्रपेटी किंवा दरवाजाचे कुलूप दुसऱ्या वर्षाच्या गाडीला बरेचदा सहज बसते.

दुरुस्तीचे ज्ञान : कारखान्याने काढलेली दुरुस्तीची पुस्तके व सुट्या भागांच्या याद्या पुनर्मुद्रित झाल्या आहेत. पण पुस्तकात नसलेले ज्ञान अधिक महत्त्वाचे ठरते. ते माजी कामगार, वितरकांकडील कारागीर व जुने गाडीमालक यांच्याकडून नियतकालिकातील प्रश्नोत्तरांच्या सदरातून, मेळाव्यांतून आणि आता संगणकाच्या माध्यमातून पुढच्यांकडे आले आहे. उदाहरणार्थ, १९५१ मध्ये आलेले कंपनीचे आठ सिलिंडरांचे एंजिन जड पण अतिशय दणकट असून त्याचा भुजादंड घडीव पोलादाचा आहे. त्यातील झडपांचा दंड साखळीऐवजी दंतचक्राने फिरतो. परंतु हे चक्र आवाज कमी व्हावा म्हणून दाबलेल्या तंतुमय द्रव्याचे केलेले असे. ते जुने झाल्यावर अवचित दाते टाकते, म्हणून जाणता मालक एंजिन उघडले की तेथे ॲल्युमिनियमाचे चक्र बसवून घेतो. १९६१ मध्ये सहा सिलिंडरांच्या जुन्या एंजिनावर नवे शीर्ष बसविण्यात आले. त्याला तडे जातात, हेही अशा गाडीच्या खरेदीपूर्वी विचारून घ्यावे लागते. पुढच्या मडगार्डांचे गंजणे हा तर या गाड्यांचा कुलदोषच म्हटला पाहिजे. चाकांनी उडविलेला चिखल व हिवाळ्यात रस्त्यावर पसरलेले मीठ मडगार्डाच्या आतल्या वरच्या कोनाड्यात साचते, तेथे ओल टिकते आणि बाहेरून चांगला दिसणारा पत्रा आतून खाल्ला जातो. १९६३ च्या ‘वॅगनेअर’ या गाडीचे मागचे छप्पर पुढे सरकवून उघडता येई व शीतपेटीसारखी उंच वस्तू उभी नेता येई. कल्पना चतुर होती, पण छप्पर गळत असे. तिचे मालक या गळतीच्या कथा तक्रारीच्या नव्हे, तर कौतुकाच्या सुरात सांगतात. १९३६ पासून कंपनीच्या गाड्यांत आलेली, चढावर थांबलेली गाडी क्लच दाबून धरला असता मागे घसरू न देणारी योजना मात्र खरोखरच उपयुक्त होती व तिचे श्रेय चाहते आवर्जून पदरात पाडून घेतात.

मूळ स्वरूपाचा प्रश्न : जुन्या गाडीचे जतन म्हणजे नेमके काय, यावर या मंडळींत एकमत नाही. एका पक्षाच्या मते गाडी कारखान्यातून निघाली त्या रंगाची, त्या कापडाची व त्याच यंत्रभागांची असली पाहिजे. या पक्षाला एका दुर्मिळ सोयीचा आधार आहे. कंपनीने प्रत्येक गाडीसाठी काढलेले निर्मितीचे आदेशपत्र युद्धोत्तर काळातील बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत साउथ बेंडच्या संग्रहालयात टिकून आहे. त्याची प्रत मागविली असता आपली गाडी कोणत्या रंगाची होती, तिच्यात काय काय बसविले होते व ती कोणत्या वितरकाकडे रवाना झाली हे कळते. दुसऱ्या पक्षाच्या मते गाडी ही चालविण्यासाठी असते. तेव्हा सहा व्होल्टची विद्युत् यंत्रणा बदलून बारा व्होल्टची करण्यात, नवे ब्रेक बसविण्यात किंवा दुसऱ्या कंपनीचे एंजिन घालण्यात गैर काही नाही. गंमत अशी की, या वादात खुद्द कंपनीच दुसऱ्या पक्षाची साक्षीदार ठरते. साउथ बेंडचा एंजिन विभाग बंद पडल्यावर १९६५ व १९६६ च्या कॅनडातील गाड्यांना जनरल मोटर्सच्या एका कॅनेडियन उपकंपनीची, शेव्हरोलेच्या धर्तीची एंजिने बसविण्यात आली होती. त्यामुळे या गाड्यांना खऱ्या स्टुडबेकर म्हणावे की नाही, यावर काही जुने चाहते अजूनही नाक मुरडतात. १९५३ ची दोनदारी गाडी वाऱ्याला फारसा अडथळा करीत नसल्याने वेगाचे विक्रम करू पाहणाऱ्यांनीही तिची निवड केली आणि बॉनव्हिलच्या मैदानासाठी कित्येक गाड्या कापून घडविण्यात आल्या. शुद्धतावाद्यांना हा विध्वंस वाटतो. त्या गाड्या एरवी भंगारात गेल्या असत्या, हे उत्तर त्यावर देण्यात येते आणि ते सर्वस्वी खोटे नाही.

दुर्मिळ ऐषारामी गाड्यांप्रमाणे येथे गुंतवणुकीचा मोह फारसा नाही. अवांती किंवा १९५६–५८ ची ‘गोल्डन हॉक’ यांना चांगली किंमत येते; परंतु चार दरवाजांच्या साध्या गाडीच्या संपूर्ण दुरुस्तीला येणारा खर्च तिच्या विक्रीतून सहसा भरून निघत नाही. अशा गाड्यांवर वर्षे घालविणारे लोक बहुधा वडिलांची किंवा आजोबांची गाडी, गावातील बंद पडलेले विक्रीचे दुकान अथवा कारखान्यात काम करणारा एखादा आप्त यांच्या आठवणीने या छंदाकडे वळलेले असतात. त्या आठवणी असलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. गाड्या, भागांचे साठे व हस्तलिखित टिपणे कोणाच्या स्वाधीन करावयाची, हा या संघटनांपुढील आजचा खरा प्रश्न आहे. ज्यांनी स्टुडबेकरची एकही नवी गाडी दुकानात पाहिलेली नाही, असे तरुण सभासद मिळविण्यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे.

अवांतीचे उत्तरायुष्य : मूळ कंपनीने टाकून दिलेली अवांती साउथ बेंडच्याच दोन वितरकांनी, नेथन ऑल्टमन व लिओ न्यूमन यांनी, उचलली. तिचे हक्क, साचे व जुन्या कारखान्याचा काही भाग विकत घेऊन त्यांनी १९६५ पासून ‘अवांती दोन’ या नावाने ती हाताने बांधावयास घेतली. एंजिन शेव्हरोलेचे असे व गिऱ्हाइकाला रंग आणि आतील कापड आपल्या पसंतीने निवडता येई. वर्षाकाठी शंभर-दोनशे गाड्या एवढाच हा पसारा होता. पण जी गाडी हजारो कामगारांच्या कारखान्याला परवडली नाही, ती मूठभर कारागिरांनी वर्षानुवर्षे चालविली. १९८२ नंतर मालकी वारंवार बदलली, कारखाना ओहायओ, जॉर्जिया व अखेर मेक्सिको असा हलला आणि खंड पडत पडत २००६ मध्ये ही निर्मिती थांबली.

संग्रहालय व स्मारके : कंपनीने आपला ऐतिहासिक वाहनांचा संग्रह १९६६ मध्ये साउथ बेंड शहराला दिला. त्यातून ‘स्टुडबेकर नॅशनल म्यूझीयम’ उभे राहिले असून २००५ पासून ते नव्या वास्तूत आहे. अब्राहम लिंकन ज्या घोडागाडीतून हत्येच्या रात्री नाट्यगृहात गेला, ती क्लेमंट स्टुडबेकर याने पुढे विकत घेतली होती व ती येथे ठेवलेली आहे. १९७९ च्या ‘द मपेट मूव्ही’ या चित्रपटात बाहुल्यांनी चालविलेली, टोकदार नाकाची १९५१ ची रंगीबेरंगी गाडीही येथे आहे. मुलांची गर्दी लिंकनच्या गाडीपेक्षा तिच्यापाशी अधिक होते, यात नवल नाही. शहराच्या पश्चिमेस न्यू कार्लाइल गावाजवळ कंपनीचे मोटारी तपासण्याचे विस्तीर्ण मैदान होते. तेथे १९३८ मध्ये हजारो पाइन वृक्ष अशा रीतीने लावण्यात आले की, त्यांतून ‘स्टुडबेकर’ हे नाव सु. पाऊण किलोमीटर लांबीच्या अक्षरांत उमटावे. हा परिसर आता सार्वजनिक उद्यान आहे. जमिनीवरून चालणाऱ्याला तेथे केवळ झाडी दिसते. नाव वाचता येते ते विमानातून.

भारतातील स्टुडबेकर : स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात स्टुडबेकरच्या गाड्या व मालट्रक सुट्या भागांपासून जोडण्यात येत. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने याच प्रकारे डॉज, डीसोटो व प्लिमथ या क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या, त्यामुळे महाराष्ट्रात त्या गाड्या स्टुडबेकरपेक्षा अधिक परिचित होत्या. आयातीवरील निर्बंध व देशी भागांचे प्रमाण वाढविण्याचे सरकारी धोरण यांमुळे मोठ्या अमेरिकन गाड्या मागे पडल्या व ब्रिटिश आणि इटालियन धर्तीच्या लहान गाड्यांनी त्यांची जागा घेतली. पेट्रोलचा खर्च न परवडल्याने आपल्याकडील बऱ्याच अमेरिकन गाड्यांची मूळ एंजिने काढून त्यांत डीझेल एंजिने बसविण्यात आली. म्हणून भारतात जुन्या अमेरिकन गाडीच्या दुरुस्तीचा आरंभ पुष्कळदा मूळ एंजिनाच्या शोधापासूनच होतो, आणि स्टुडबेकरच्या बाबतीत हा शोध बहुधा साउथ बेंडच्या वखारींतून वाचलेल्या साठ्यापर्यंत जाऊन पोहोचतो.